उजवं मागचं चाक

पीरमहंमद मिस्त्रीचा पुरता भरवसा दोनच गोष्टींवर. एक वर अल्ला, आणि दुसरा स्वतःचा हात. बाकी सगळ्या दुनियेवर त्याचा संशय, आणि तोही साधासुधा नाही. दूधवाला आला की हा पातेल्यात बोट बुडवून नखावरून थेंब ओघळतो कसा ते बघणार. टपरीवर चहा घेतला तर ग्लास आधी उजेडात धरून पाहणार. मशिदीबाहेर चपला काढताना एक ह्या कोपऱ्यात, दुसरी त्या कोपऱ्यात. "जोडी दिसली न्हाई की चोर हात लावत न्हाई," असं त्याचं म्हणणं. मग नमाज झाल्यावर हाच बापडा एक चप्पल घालून दुसरी शोधत हिंडायचा.

त्याची बायको मुबारकबी, तिनं ह्या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढली. ती कधीकधी वैतागून म्हणायची, "अजी, निकाहच्या दिवशी मी तीनदा कबूल म्हणाले, त्यावर तरी भरवसा हाय का तुमचा?"

"काझीसाहेबांनी ऐकलंय म्हनून हाय," पीरमहंमद म्हणायचा. हसायचासुद्धा नाही.

नगर-पुणे रस्त्यावर पारनेरला जो फाटा फुटतो, तिथं त्याची पत्र्याची शेड, आणि शेडला लागूनच राहायची खोली. काम एकच, गाड्यांचे पाटे. चाकाच्या वर वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात ना, ज्यांच्यावर सगळी गाडी तोललेली असते, ते पाटे. इकडच्या गाड्या कांदा वाहणार, दूध वाहणार, ऊस वाहणार. कागदावर भार एक आणि गाडीत दीडपट. म्हणून जो तो येऊन म्हणायचा, "पीरभाई, गाडी जरा वर घ्या." चाळीस वर्षं त्यानं गाड्या वर घेतल्या. भट्टीत पाटा लाल करायचा, हातोड्यानं कमान द्यायची, दोन पाटे वाढवायचे, गाडी वीतभर वर. पट्टीनं मोजायची त्याला कधी गरज पडली नाही. डोळा मिटून हात फिरवायचा न सांगायचा, "एक सूत कमी हाय."

आता हा एवढा संशय आला कुठून? उगाच नाही आला हो. पाच-सहा वर्षांमागं एक अनोळखी माणूस पिकअप घेऊन आला, म्हणाला कांदा वाहायचाय, पाटे वाढवा. ह्यानं वाढवले. महिन्यानं ती गाडी रेशनच्या तांदळासकट पकडली गेली, आणि पाटे कुणी वाढवले म्हणून पोलीस शेडवर हजर. दोन दिवस पीरमहंमद ठाण्यातल्या बाकावर बसून होता. मारलं नाही, शिवी दिली नाही, पण येणारा-जाणारा ओळखीचा माणूस बघून जायचा. ते बघून जाणं त्याला लागलं. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. गाडीचे कागद पाहिल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, आणि गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारल्याशिवाय कागद पाहायचे नाहीत.

आणि अशा माणसाकडं, संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, मोनिका आली.

तिशीतली बाई. स्वतः गाडी चालवत आलेली. गाडी म्हणजे एकोणऐंशी सालची पिकअप, पुढं जीपचं नाकाड, मागं उघडा हौदा, गोल मडगार्ड, रंग उडालेला पण पत्रा ठणठणीत. तिच्या वडलांची, संगमनेरकडची. त्यांनी तिच्यावर भाजीपाला वाहिला आणि लेकीला ह्याच गाडीवर चालवायला शिकवलं. आता वडील थकले, म्हणून गाडी लेकीकडं, सासरी आली. सासर पारनेर तालुक्यातली खडकवस्ती. नवरा ओंकार दुधाच्या टँकरवर, आठवड्यातून दोनदा घरी.

"चाचा," ती म्हणाली, "गाडी खाली घ्यायचीय."

पीरमहंमदला वाटलं बाई चुकून बोलली. "वर घ्यायचीय म्हना."

"न्हाई, खाली. चांगली वीतभर खाली. हौद्याची फळी माझ्या कमरेला आली पायजे."

झालं! पीरमहंमदच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. चाळीस वर्षांत गाडी खाली घ्या म्हणणारं हे पहिलं माणूस. त्यानं दहाच्या जागी वीस प्रश्न विचारले. मोनिकानं एकेकाचं उत्तर दिलं. हौद्यात ती पिठाची गिरणी बसवणार होती, डिझेल इंजिनावरची, दगडाची. फिरती गिरणी. वस्त्यावस्त्यांवर जाऊन दळण दळून द्यायचं, लाइट असो नसो. पण गाडीचा हौदा छातीएवढा उंच. बाया डोक्यावरून धान्याचा डबा आणणार, तो छातीएवढा उचलून वर ठेवणार कसा? म्हाताऱ्यांचे खांदे निखळतील. म्हणून गाडी खाली.

ऐकायला सगळं बरोबर वाटत होतं. आणि पीरमहंमदला जे ऐकायला बरोबर वाटायचं त्याचाच जास्त संशय यायचा.

"मंग नवा छोटा टेम्पो घे की. त्यो असतोच खाली."

"ही माझ्या बापाची गाडी हाय चाचा. हिचा आवाज बदलला तरी मला झोपेत कळतं."

कागद पाहिले. चोख होते. नाही म्हणायला कारण सापडेना, आणि खरं सांगायचं तर कामाचा मोहही पडला. गाडी वर कुणीही घेईल. खाली घेणं अवघड, चाकाला जागाच उरत नाही. हात दाखवायची संधी होती ती.

पण दुपारी भाकरी खाताना तो मुबारकबीला म्हणाला, "इचार कर. गाडी भरली की खाली बसती. पोलीस लांबनंच वळखतो, भरलीय. आन जी गाडी आधीच खाली बसलेली हाय, ती भरलेली का रिकामी, कोन वळखनार? शिवाय गिरनीची गाडी. आत गहू दिसला तर कोन इचारनार कुनाचा? रेशनचा गहू हिकडनं तिकडं न्यायला ह्याच्यापरीस चांगली गाडी सापडंल का?"

"तौबा!" मुबारकबी म्हणाली. "लेकीसारखी पोर ती. चाचा म्हणती तुम्हाला."

"त्या कांद्यावाल्यानंबी मला चाचाच म्हनलं हुतं."

काम बारा दिवस चाललं. ह्या गाडीचे मागचे पाटे ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, वर बांधलेले होते. ते त्यानं सोडून ॲक्सलच्या खाली घेतले, आणि गाडी वीतभर खाली आली. पण मग अडचणींची रांगच लागली. ॲक्सल वर सरकला तो थेट चॅसीला, गाडीच्या सांगाड्याला, जाऊन टेकायला लागला. म्हणून चॅसीला त्याच्या जागी अर्धचंद्र कापला आणि वरून जाड पट्टी वेल्ड करून ती मजबूत केली. मग चाकं हौद्याच्या तळाला लागायला लागली. म्हणून तळ दोन्ही बाजूंनी कापून चाकांवर पत्र्याच्या दोन पेट्या उठवल्या. मग मडगार्डची आतली कड टायरला घासायला लागली. तेव्हा त्यानं टायर आणि कड यांच्या फटीत बाभळीचा दांडका घातला, मोनिकाला गाडी हळूहळू मागं-पुढं घ्यायला लावली, आणि दांडक्यानं ती कड आत दुमडत नेली. पुढची बाजूही थोडी खाली घेतली, तर पुढची चाकं पुरती वळवली की पत्र्याला टेकायची, ते वळणच त्यानं एका बोल्टानं थोडं आखडून टाकलं.

शेवटी जागा पुरते का ते पाहायला त्यानं मोनिकाकडून कणिक भिजवून आणवली, पातळ, चिकट. ती पेट्यांच्या आतून आणि मडगार्डच्या आतून फासली. हौद्याच्या मधोमध गिरणीच्या वजनाची वाळूची पोती ठेवली आणि खड्ड्याखड्ड्यांतून फाट्यापर्यंत फेरी मारून आणली. उतरून बॅटरीनं पाहिलं. कणिक जशीच्या तशी, एका जागीही पुसलेली नाही. पीरमहंमद स्वतःवर इतका खूश झाला की मोनिकाला त्यानं स्वतःच्या पैशानं चहा पाजला, आणि तो ग्लास उजेडात न धरताच प्याला.

जाताना मोनिका जरा घुटमळली. म्हणाली, "चाचा, ह्या उजव्या पेटीच्या बाजूला थोडी मोकळी जागा राहिलीय. तिला एक झाकण लावून द्या ना. कडी-कोयंड्याचं."

"कशाला?"

"असंच. सामान ठेवायला."

"कसलं सामान?"

"असंच चाचा, बारीकसारीक." आणि तिनं नजर दुसरीकडं वळवली.

बस्स! पाल पुन्हा चुकचुकली. झाकण लावून दिलं त्यानं, पण नजर वळवलेली त्याच्या डोक्यातून गेली नाही.

तीन आठवड्यांनी गाडी परत आली. हौद्यात उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या मागं, गिरणी बसलेली. डाव्या अंगाला बाया उभ्या राहणार, डबे ठेवणार, म्हणून ती बाजू मोकळी. गाडीला वास लागलेला, पिठाचा आणि डिझेलचा. मोनिका खूश होती. तक्रार एकच, मागचं उजवं चाक घासत होतं.

पीरमहंमद खाली वाकला. टायरच्या कडेला चकचकीत पट्टा उठलेला. हे कसं झालं? त्याच्या कामात तर फट राहिली नव्हती, कणकेनं साक्ष दिली होती. मग एकच अर्थ. गिरणीच्या वजनावर आणखी वजन पडतंय, आणि तेही उजव्या अंगाला. उजव्या अंगाला काय आहे? कडी-कोयंड्याची पेटी.

"काय काय टाकतीस गाडीत?" त्यानं विचारलं.

"गिरणी न दळण. दुसरं काय?"

"एका वेळी किती दळन?"

"चार-पाच डबे. दळलं की बाया घेऊन जातात. साठवते कुठं मी?"

"खरं सांग."

"चाचा, खोटं कशाला सांगू?" ती हसली.

त्यानं आत जाड रबराचा गट्टू बसवला, पाठवून दिलं. पंधरा दिवसांत गाडी परत. तेच चाक. पट्टा आता खोल गेलेला. तो पेटीकडं बघायला लागला तर मोनिका पटकन आडवी आली. "ते राहू द्या चाचा, तिथं काही न्हाई." पुन्हा गट्टू, पुन्हा रवानगी. पण त्या दिवशी पीरमहंमदनं भाकरी अर्धीच खाल्ली.

बघा हं, इतक्या सगळ्यात त्यानं एकदाही पाटे सोडून पाहिले नाहीत. साधं होतं, दोन बोल्ट ढिले करून दोन्ही पाटे शेजारी-शेजारी ठेवायचे. पण स्वतःच्या हातावर संशय? त्या दाराशी त्याचा संशय कधी गेलाच नाही. त्याला सारखा तो ठाण्यातला बाक दिसायचा. गाडी पकडली जाईल. खाली कुणी घेतली म्हणून विचारतील. ह्या खेपेला पोरीबरोबर आपण. मग चाळीस वर्षांच्या नावाचं काय? "पीरभाईचा पाटा" म्हटलं की माणसं डोळे झाकून गाडी सोडून जातात, त्या नावाचं काय? त्याच्याकडं दुसरं होतं काय? शेडसुद्धा भाड्याची.

मुबारकबीला न सांगता त्यानं फोन लावला. तहसील कचेरीच्या फलकावर रेशन-पुरवठ्याच्या तक्रारीचा नंबर असतो, तो त्यानं मागच्या प्रकरणानंतर मोबाईलमध्ये ठेवूनच दिला होता. स्वतःचं नाव सांगितलं नाही. गाडीचा नंबर सांगितला, खडकवस्तीचा बाजार कोणत्या दिवशी ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "उजव्या चाकाच्या पेटीला झाकन हाय. ते उघडून बघा." फोन ठेवला आणि त्याला हलकं वाटलं. आधीच सांगून टाकलं म्हणजे आपण सुटलो, असं त्याला वाटलं.

दहा दिवसांनी मोनिका आली. तिसरी खेप. टायरच्या आतले धागे दिसायला लागले होते, तशीच हळूहळू चालवत आली होती. नेहमीसारखी बोलली नाही. डोळे सुजलेले. पीरमहंमदनं जॅक लावला आणि गाडीखाली शिरला. तिच्या तोंडाकडं बघायला लागू नये म्हणूनही असेल.

ती बाजूच्या दगडावर बसून सांगायला लागली. बाजाराच्या दिवशी पुरवठ्याचा साहेब आला, बरोबर दोन पोलीस. भर चौकात गाडी थांबवली. बायांचे डबे उघडले. बनुबाईचा ज्वारीचा डबा हातून निसटून सांडला. बनुबाई म्हणजे पंच्याहत्तरीची, ती खाली बसून एकेक दाणा वेचत होती आणि सगळं गाव बघत होतं. मग साहेब कुठंही न बघता सरळ उजव्या पेटीपाशी गेला, म्हणाला झाकण उघड.

"मंग?" गाडीखालून पीरमहंमदनं विचारलं.

"काय निघणार? छिन्नी न हातोडा निघाला."

"छिन्नी?"

"टाकी लावायची चाचा. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावावी लागती, तवा पीठ बारीक येतं. बाईमाणसानं टाकी लावलेली आमच्याकडं कुणी पाहिलेलं न्हाई. मी शिकले. आमचे चुलत दीर हायत कल्याणभावजी, त्यांची गावात गिरणी हाय. त्यांनी शिकवलं, चोरून. जाऊबाईला कळलं असतं तर म्हणाली असती, स्वतःच्या धंद्यावर धोंडा पाडून घेतला. म्हणून हत्यारं झाकून ठेवत होते. तुम्हालाबी सांगितलं न्हाई."

पीरमहंमदनं घासलेल्या टायरवरून हात फिरवला.

"साहेब बिचारा माफी मागून गेला. पर गावानं तर पाहिलं ना? आता बाया डबा घेऊन येईनात. म्हणत्यात, तपासणीवाली गाडी. आन चाचा, मला कळलंय कुणी काडी लावली. पेटीचं तिघांनाच ठाऊक हुतं. मला, कल्याणभावजींना आन तुम्हाला. तुमी तर माझे चाचा. मग राहिलं कोण? शिकवलं आन मग पोटात दुखलं त्यांच्या. मी त्यांच्या दारात जाऊन चार लोकांत बोलले, नको नको ते बोलले. ते एक अक्षर बोलले न्हाईत. नुसते बघत राहिले माझ्याकडं. आठ दिवस झाले, त्यांनी गिरणी उघडली न्हाई."

पीरमहंमदच्या पायाखालची जमीन सरकणार कशी, तो तर पाठीवर निजलेला होता. पण छातीवर कुणी गाडीच ठेवल्यासारखं त्याला झालं. तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून त्यानं हाताला लागलं ते काम केलं. पाटे सोडायला घेतले. उजवा काढला, डावा काढला, बाहेर आणून फरशीवर शेजारी-शेजारी ठेवले. आणि बघतच राहिला.

डाव्याला अर्धा इंच कमान जास्त होती.

कशी होती ते त्याला क्षणात कळलं. इकडं सगळी वाहतूक रस्त्याच्या डाव्या अंगानं, आणि रस्ता डावीकडं उतरता. भरलेली गाडी जन्मभर डावीकडं कलते. म्हणून इकडचा प्रत्येक पाटेवाला डाव्या पाट्याला हातोड्याचे चार घाव जास्त घालतो. कुणी सांगत नाही, शिकवत नाही, हातच घालतो. चाळीस वर्षं भरल्या गाड्या वर घेताना त्याच्या हातानं हेच केलं होतं. वर घेतलेल्या गाडीला ते मानवतं, जागा मोकळी असते. ह्या गाडीला बोटभर जागा. डावी बाजू उचललेली, गिरणी उजवीकडं, सगळा कल उजव्या चाकावर. पोती मधोमध ठेवून पाहिलं तेव्हा कळलंच नाही. बाईनं चोरून काहीच नेलेलं नव्हतं. जास्तीचं वजन कधी नव्हतंच.

"मोनिका," तो म्हणाला, "हिकडं ये. ही चूक माझी हाय." आणि त्यानं तिला दोन्ही पाटे दाखवले.

मोनिकानं पाहिलं. डोळे पुसून म्हणाली, "चुकतं चाचा माणसाचं. तुमी असं तोंड पाडू नका."

आता इथं तो गप्प बसला असता तर? विचार करा. पाटे सरळ केले असते, नवा टायर चढवला असता, पोर चाचा-चाचा करत निघून गेली असती. कुणाला कधीही कळलं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्यानं गप्प बसायचं ठरवलंसुद्धा. दोन तास तो खाली मान घालून डावा पाटा ठोकत बसला. ह्या खेपेला पट्टी लावून मोजला, एकदा नाही, चारदा. गिरणी हलू न देता दोन्ही बाजूंनी पाण्याची नळी धरून गाडीची पातळी बघितली. नवा टायर चढवला, कणिक फासली, फेरी मारली. कणिक जागच्या जागी.

मोनिका गाडीत बसली. किल्ली फिरवता फिरवता म्हणाली, "उद्या हे येणार हायत घरी. मी सांगितलंय, भावकी तोडायची. कल्याणभावजींच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई. मेलं-गेलं तरी जायचं न्हाई."

पीरमहंमदनं गाडीचं दार धरलं. हात काळेकुट्ट होते.

"फोन मी केल्ता," तो म्हणाला.

"काय?"

"पुरवठ्याला. पेटीचं मीच सांगितलं. चाक घासतंय म्हनून मला वाटलं तू रेशनचा गहू नेतीस. कल्यानला काय ठाऊक न्हाई. त्याचा काडीचा संबंध न्हाई."

इंजिन चालू होतं. मोनिकानं ते बंद केलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"बसा गाडीत," ती म्हणाली. चाचा नाही, काही नाही. "मी सांगितलं तर कुणी ऐकणार न्हाई. म्हणतील मिटवामिटवी करती. जिथं माझी अब्रू गेली तिथं येऊन तुमी बोला."

मुबारकबी दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तो तिच्याकडं बघायला लागला, की ही म्हणेल, जाऊ नका, लोक काय म्हणतील. मुबारकबीनं त्याची टोपी आणून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "हात धुऊन जा."

खडकवस्तीपर्यंत बारा किलोमीटर. वाटेत चाक एकदाही घासलं नाही, आणि ते दोघांपैकी कुणीही बोलून दाखवलं नाही. पीरमहंमदच्या मनात सारखं येत होतं की माणसं अंगावर येतील. मग वाटलं, माझ्या जातीवर जातील. मग वाटलं, पोरगी मला मुद्दाम पुढं करतीय. संशय काही एका दिवसात जात नाही हो. पण तो गाडीतून उतरला नाही, थांब म्हणाला नाही.

चौकात गाडी थांबली तेव्हा दिवस कलायला आला होता. मोनिकानं कुणाला तरी कल्याणला बोलवायला पाठवलं. बाया जमल्या, चार पुरुष जमले, बनुबाई काठी टेकत आली. कल्याण आला तो लांबच उभा राहिला, मिशीला पीठ नाही, काही नाही, आठ दिवसांच्या बसून राहण्यानं सुकलेला.

पीरमहंमद हौद्याला टेकून उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. पाटा कसा चुकला, चाक का घासलं, आपल्याला काय वाटलं, फोन कसा केला. पाच वर्षांमागं ठाण्यात बसवलं होतं म्हणून भ्यालो, हेही सांगायला गेला, आणि अर्ध्यावरच थांबला. ते सांगणं म्हणजे सुटायची वाट शोधणं, असं त्याचं त्यालाच वाटलं. "पोर साफ हाय," तो म्हणाला. "कल्यानभाऊ साफ हाय. खोट माझ्यात हाय. काय करायचं ते करा."

कुणी अंगावर आलं नाही. एकदोघं पुटपुटले, एक बाई म्हणाली, "बाई बाई, काय हा माणूस!" मोनिका कल्याणसमोर जाऊन उभी राहिली. पदर तोंडाला लावला, वाकून त्याच्या पायाला हात लावायला गेली. कल्याण मागं सरकला. "राहू दे," तो म्हणाला. "बाया थांबल्यात. दळण लाव." आणि हाताची पाठ डोळ्याला लावून तो स्वतःच इंजिनाकडं वळला, हँडल मारायला.

गिरणी सुरू झाली. बायांनी घरून डबे आणले, बनुबाईचाही कुणी आणला, पण सगळ्या लांबच उभ्या. पीरमहंमदला वाटलं, आपणच काही बोलावं, एवढं तरी आपल्या हातात आहे. तो बनुबाईला म्हणाला, "आजी, आता गाडीत काय बी खोट ऱ्हायली न्हाई. मी सांगतो. टाका बिनघोर दळन."

बनुबाईनं त्याच्याकडं वर मान करून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तिनं आपला डबा दोन्ही हातांनी उचलला, कमरेएवढ्या फळीवर सहज ठेवला, आणि मोनिकाकडं वळून विचारलं, "काय गं पोरी, टाकू का?"

"टाका आजी," मोनिका म्हणाली.

मग बनुबाई पीरमहंमदला म्हणाली, "राग मानू नगा मिस्त्री. काम झ्याक केलंया तुमी, डबा लई हलका ठिवता येतो आता. पर तुमच्या सांगन्यावर आता कसं टाकू? तुमीच सांगा."

एकामागं एक बाया पुढं आल्या. प्रत्येकीनं डबा ठेवायच्या आधी मोनिकाला विचारलं, आणि त्याला कुणीच काही विचारलं नाही.